कच्ची वही, पक्की वही

संपादकांचे पत्र आले, की मी आधी टेबलाचा खालचा खण उपसतो. विषय डोक्यात सापडला नाही तर खणात सापडतो, असा माझा अनुभव आहे आणि या सदराचे जुने वाचक त्याला साक्ष आहेत. यंदा खणातून निघाले ते असे: दांडी मोडलेला चष्मा, कोणत्या कुलपाच्या कोण जाणे अशा चार किल्ल्या, शाई वाळून गेलेली एक दौत, आणि सगळ्यांच्या तळाशी तळहाताएवढे एक करडे यंत्र. त्याच्यासोबत त्याची बैठक. बैठकीतून निघालेली जाड वायर आणि वायरीच्या टोकाला नऊ छिद्रांचा एक चपटा जोड.

आमचे नातू शेजारीच उभे होते.

"आजोबा, हा जुना फोन का?"

"नाही."

"मग गेम?"

"गेमही नाही."

"मग हे करतं काय?"

"यात लिहून ठेवायचं."

"आणि मग?"

"मग हे कॉम्प्युटरला सांगतं."

त्याने ती वायर हातात घेऊन वजन केल्यासारखे केले आणि म्हणाला, "एवढ्या जाड वायरीनं?"

पोरगा खेळायला गेला. पण मी मात्र ते यंत्र हातात घेऊन बसून राहिलो. संपादकांना हवे होते काहीतरी खुसखुशीत. तसे ते होईल की नाही, याची खात्री देत नाही.

या यंत्राचे नाव 'पायलट'. कॅलिफोर्नियातल्या पाम कॉम्प्युटिंग या कंपनीने ते मार्च १९९६ मध्ये बाजारात आणले. कंपनी तेव्हा मोडेम बनविणाऱ्या यू. एस. रोबोटिक्सच्या पदरी होती. मी त्या वेळी त्याच मुलुखात, सनीव्हेल नावाच्या गावी नोकरीला होतो. सन २००० उजाडले की जुन्या प्रोग्रॅमांना ते १९०० वाटणार, ही त्या दिवसांतली मोठी काळजी. वर्षाचे दोन आकडे जिथे जिथे असतील तिथे ते शोधून चार करायचे, या कामासाठी आमच्यासारख्यांची तिकडे आयात झाली होती. दिवसभर दुसऱ्यांच्या तारखा दुरुस्त करणारा मी स्वतःच्या तारखा मात्र बसच्या तिकिटांच्या पाठीवर लिहीत असे. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एक दिवस मला दुकानात नेऊन उभे केले आणि मी २९९ डॉलर मोजून पायलट घरी आणला.

हे यंत्र ज्याच्या डोक्यातून निघाले, तो जेफ हॉकिन्स मोठा गमतीचा माणूस. त्याचे आधीचे 'झूमर' नावाचे यंत्र १९९३ साली आले आणि फसले. त्यात सगळेच करायचा अट्टाहास होता. परिणामी ते जड झाले, मंद झाले आणि महाग झाले. तेव्हा नव्या यंत्राच्या वेळी त्याने आधी लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला, शर्टाच्या खिशात बरोबर बसेल एवढा. तो ठोकळा खिशात घालून तो बैठकांना जाई. कुणी "मंगळवारी भेटू या का?" म्हटले, की ठोकळा बाहेर काढी, चिनी जेवणाच्या काडीला तासून केलेल्या लेखणीने त्यावर टोचे आणि तारीख पाहिल्याचे सोंग करी. लोकांना काय वाटले असेल ते असो. पण यंत्र तयार होण्याआधी ते किती मोठे असावे आणि त्याने काय काय करू नये, हे त्याला त्या लाकडाने शिकविले. माउंटन व्ह्यू येथील कॉम्प्युटर इतिहासाच्या संग्रहालयाने तो ठोकळा जपून ठेवला आहे.

त्याला दुसरी एक गोष्ट उमगली होती, आणि माझ्या मते खरी अक्कल तिच्यात होती. खिशातल्या यंत्राने टेबलावरच्या कॉम्प्युटरशी स्पर्धा करायची नाही. त्याची स्पर्धा कागदाच्या चिठोऱ्याशी. मोठे काम मोठ्यानेच करावे, धाकट्याने त्याचा निरोप्या व्हावे. आता खिशातली यंत्रे पूर्वीही होती. आपल्याकडे दुबईहून येणारे पाहुणे 'डिजिटल डायरी' आणीत, ती आठवत असेल. पण तिच्यात लिहिलेले बहुधा तिच्यातच राही. या पायलटच्या खोक्यात मात्र बैठक, वायर आणि कॉम्प्युटरसाठीचा प्रोग्रॅम असा सारा सरंजाम पहिल्यापासून होता. बैठकीवर एकच बटण. यंत्र बैठकीत उभे करायचे, बटण दाबायचे, तीन सुरांची एक शीळ वाजे, थोडा वेळ जाई, पुन्हा शीळ वाजे आणि पडद्यावर अक्षरे येत: झाले. याला त्यांनी नाव दिले 'हॉटसिंक'. आपण त्याला 'मेळ' म्हणू.

त्यावर लिहायची तऱ्हाही न्यारी होती. 'ग्राफिटी' नावाची एक लिपीच शिकावी लागे. प्रत्येक अक्षर लेखणी न उचलता, एकाच फटकाऱ्यात. इंग्रजी 'ए' लिहायचा तर मधली आडवी रेघ गाळायची. उरते ते नुसते घराचे छप्पर. अक्षरे डाव्या चौकटीत, आकडे उजव्या. देवनागरी त्याला ठाऊक नव्हती, त्यामुळे माझी मराठी टिपणे मी इंग्रजी अक्षरांत लिहीत असे. 'दळण' आणि 'डालन' यांतला फरक मग संदर्भाने ओळखायचा!

१९९७ च्या जानेवारीत मी महिनाभर सांगलीला आलो, तेव्हा यंत्र अप्पांना दाखविले. अप्पा म्हणजे माझे वडील. गणपती पेठेत हळदीच्या एका अडत दुकानात त्यांनी चाळीस वर्षे दिवाणजी म्हणून काढली. निवृत्त झाल्यावरही घरखर्चाची कीर्द ते रोज रात्री लिहीत, तीही मोडीत. त्यांची मोडी म्हणजे एका टाकात पान संपे. लेखणी उचललेली मी क्वचितच पाहिली. तेव्हा ग्राफिटीचे त्यांना काडीचे नवल वाटले नाही.

"न उचलता लिहितात होय? मग ठीक आहे," एवढेच म्हणाले. आणि पुढचा प्रश्न असा आला की मी चमकलोच.

"हे कच्चं की पक्कं?"

"म्हणजे?"

"म्हणजे यात लिहिलेलं शेवटचं, का दुसरीकडं चढवायचं?"

दुकानातली पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने कीर्दीत टिपायचे. रात्री दुकान मिटल्यावर तीच नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या नावावर चढवायची. नोंद चढली, की कीर्दीच्या समासात एक तिरपी रेघ मारायची. रेघ नाही याचा अर्थ नोंद अजून चढायची आहे. माझ्या लहानपणी कंदिलापाशी बसून रेघा मारणारे अप्पा हेच मला आठवतात. रेघ मारताना ते हलकेच "हं" म्हणत.

मी म्हणालो, "चढवायचं, अप्पा. घरी मोठा कॉम्प्युटर आहे, त्याच्यात. पण घोटाळा असा, की मी तिथंही लिहितो आणि इथंही लिहितो. दोन्ही पक्क्याच."

अप्पांनी चष्मा काढला. "एका पेढीच्या दोन पक्क्या वह्या? दिवाळं निघेल."

मग मी त्यांना मेळाची रीत समजावून सांगू लागलो, आणि सांगता सांगता माझ्या ध्यानात आले, की मी त्यांना त्यांचेच शास्त्र परत शिकवतो आहे. पायलटमधल्या प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असे. नाव बदला, पत्ता बदला, क्रमांक तोच.

"खातेपान म्हण की," अप्पा म्हणाले.

त्या क्रमांकाशेजारी चार बारीक खुणांची जागा असे. त्यांतली एक खूण 'गेल्या मेळानंतर ही नोंद बदलली आहे' एवढेच सांगे. बटण दाबले, की कॉम्प्युटर सगळे यंत्र वाचीत बसत नसे. खूण असलेल्या नोंदी तेवढ्या उचली, आपल्याकडच्या बदललेल्या नोंदी यंत्राला देई, आणि मग खुणा पुसून टाकी. तुमची रेघ मारली म्हणजे झाले, यांची रेघ पुसली म्हणजे झाले, फरक एवढाच.

"आणि खोडलेलं?"

खोडलेल्या नोंदीचा मजकूर जाई, पण क्रमांक आणि 'खोडली' ही खूण पुढच्या मेळापर्यंत राही. नाहीतर दुसऱ्या बाजूला कळणार कसे, की खोडली म्हणून?

"रेघ मारतो, खरवडत नाही. चांगलं आहे." अप्पांना रबराचा मनस्वी तिटकारा होता. "बरं, एकाच असामीची नोंद तू इथंही फिरवलीस आणि तिथंही फिरवलीस, तर?"

"तर दोन्ही ठेवतं आणि तसा शेरा मारून ठेवतं."

"कुठली खरी ते नाही ठरवत?"

"नाही."

"ठरवू नयेच. ते मालकाचं काम. आणि एकीकडं खोडली, दुसरीकडं सुधारली?"

"सुधारलेली राहते."

अप्पांनी मान डोलावली. "बरोबर आहे. खोडणाराला सुधारणा ठाऊक नव्हती."

एकच गोष्ट त्यांना पसंत पडेना. माझ्या ऑफिसातही एक बैठक होती, म्हणजे एका यंत्राला दोन मोठे कॉम्प्युटर. एकाने पुसलेल्या खुणांवर दुसऱ्याने विश्वास कसा ठेवायचा? यंत्र बापडे याही प्रसंगाला तयार होते. शेवटचा मेळ दुसऱ्याशी झालेला दिसला, की कॉम्प्युटर खुणा बाजूला ठेवी आणि आपल्याजवळच्या गेल्या मेळाच्या प्रतीशी एकूण एक नोंद ताडून पाही. वेळ जास्त लागे, पण ताळा बसे. अप्पा म्हणाले, "दोन दिवाणजी ठेवू नयेत. कामं होतात, पण कुणीतरी करील म्हणून प्रत्येक जण बसतो."

हे वाक्य मी त्या वेळी टिपून ठेवायला हवे होते.

सनीव्हेलच्या घरी आमचा कॉम्प्युटर जुना होता. वायरी लावायची पाठीमागची भोके दोनच. एकात उंदीर, म्हणजे माऊस, कायमचा ठाण मांडून. दुसऱ्यात मोडेम. पायलटचा मेळ घालायचा म्हणजे टेबलाखाली शिरायचे, मोडेमची वायर काढायची, बैठकीची लावायची, बाहेर यायचे, बटण दाबायचे. आणि पुन्हा टेबलाखाली, कारण सौभाग्यवतींना पुण्याहून आलेली पत्रे पाहायची असत. पहिले सहा महिने मी हे निष्ठेने केले. पुढे पंधरवड्यावर गेले. ऑफिसात मात्र रोज सकाळी कॉफीचा पेला ठेवण्याआधी बटण दाबत असे, आणि ती शीळ ऐकली की आपण फार व्यवस्थित गृहस्थ आहोत असे वाटे.

आता त्यातला एक बारकावा सांगतो. मेळाच्या प्रोग्रॅममध्ये तारखा, पत्ते, कामे आणि टिपणे यांसाठी वेगवेगळे हुकूम देता येत: दोन्हीकडचे जुळव; कॉम्प्युटरचे यंत्रावर घाल; यंत्राचे कॉम्प्युटरवर घाल; किंवा काहीच करू नको. ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये आपली खासगी टिपणे कशाला, म्हणून तिथे टिपणांपुढे मी 'काहीच करू नको' असे लावून ठेवले होते. लावले, आणि विसरलो. टिपणे न घेता झालेल्या मेळाचीही शीळ तीच असते.

१९९७ ची दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. आमच्याकडे शनिवारची रात्र, सांगलीला रविवारची सकाळ. त्या दिवसांत परदेशचा फोन म्हणजे कार्ड विकत घेऊन मिनिटे मोजीत करायचा उद्योग. अप्पा फोनवर आले आणि एरवी हवापाण्याची चौकशी करणारा माणूस एकदम म्हणाला, "ते तुझं यंत्र घे जवळ. लिही."

"काय झालं, अप्पा?"

"काही झालं नाही. पाडव्याला नवी वही घातली. जुनी देणी नव्या वहीत ओढायची नाहीत, असा माझा नेम आहे. लहानसहान आहेत. दादाला सांगितलं तर आजच्या आज देऊन टाकील आणि वर मला बोलेल, की कुणाकडनं का घेता म्हणून. तू पुढच्या महिन्यात येतोच आहेस. आपण दोघं जाऊन देऊन येऊ."

मी लिहू लागलो. एक, दोन, तीन. नाव डाव्या चौकटीत, आकडा उजव्या चौकटीत. अक्षर चुके, पुन्हा लिही. अप्पा बोलत होते आणि मी फटकारे ओढीत होतो. सहा झाली. "सातवं जरा निराळं आहे," अप्पा म्हणाले, "पैशाचं नाही." पुढे काहीतरी दोन वाक्ये बोलले. इतक्यात कार्डवाल्या बाईचा यांत्रिक आवाज आला, की एक मिनिट राहिले. मी घाईने सातचा आकडा काढला, ऐकले ते चार शब्दांत लिहिले, "लिहिलं, अप्पा" म्हणालो आणि फोन बंद झाला.

लिहिले होते, यात शंका नाही. त्या साताचा फटकारा अजून माझ्या बोटांना आठवतो.

त्या रात्री मेळ घालायला मी टेबलाखाली शिरलो नाही. मोडेम लावलेला होता आणि मला कंटाळा आला होता. पुढचे नऊ दिवस ऑफिसात रोज सकाळी शीळ वाजत राहिली.

दहाव्या दिवशी दादाचा फोन आला. अप्पा दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत.

मी सांगलीला पोचलो तो तिसरा दिवस. मुलीची परीक्षा होती म्हणून सौभाग्यवती तिकडेच राहिल्या. घरी माणसे होती, रडणे होते, त्याबद्दल लिहीत नाही. चौथ्या दिवशी सकाळी मला यादी आठवली. यंत्र उघडले तर पडद्यावर सूचना: सेल संपत आले आहेत, बदला.

पायलटमध्ये करंगळीएवढे दोन बारीक सेल लागत. त्यांवर ते आठवडेच्या आठवडे चाले. पण त्याची सारी स्मरणशक्ती त्या सेलांवरच जिवंत असे. सेल काढले, की आतला छोटासा साठा सुमारे मिनिटभर तग धरी; तेवढ्यात नवे घालायचे. हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले होते, मी ते वाचलेले होते, आणि ऑफिसात दोघातिघांना ऐटीत समजावूनही सांगितले होते. पण चौथ्या दिवसाचे माझे डोके ते माझे डोके नव्हते. आपल्याकडे दुकानात जाताना नमुना न्यायची रीत असते. कुठला स्क्रू, कुठले बटण, दाखवायला बरे. मी दोन्ही सेल काढले, खिशात टाकले आणि पेठेत निघालो.

टॉर्चचे जाडे सेल होते. ट्रान्झिस्टरचे पेन्सिल सेल होते. माझे सेल पाहून दुकानदार म्हणाला, "असले बारीक इथं कोण घेतंय? मिरजेला बघा." मी मिरजेला गेलो. दोन दुकाने फिरल्यावर एका घड्याळजीकडे मिळाले. परत आलो, सेल घातले, कळ दाबली.

पडदा उजळला आणि त्यावर एक फुलीसारखी खूण आली. इथे टोचा, असे त्याने सांगितले. नवे कोरे यंत्र पहिल्यांदा उघडले की ते असेच सांगते.

मी टोचले. तारखा कोऱ्या, पत्ते कोरे, टिपणे कोरी.

रात्री सनीव्हेलला फोन लावला. सौभाग्यवतींनी घरच्या कॉम्प्युटरवर पाहिले. शेवटचा मेळ दसऱ्याच्या सुमाराचा. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर काय होते, ते वर सांगितलेच आहे. दोन दिवाणजी होते. नोंद कुणीच चढविली नव्हती. यंत्राने करू नये ते काही केले नव्हते. आम्ही दोघांत जो कराराचा भाग होता, त्यातला माझा मी केला नव्हता.

दादाला सांगणे भाग होते. सांगितले. तो रागावेल असे मला वाटले होते, पण तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "अप्पांनी कधी काही नुसतं तोंडी ठेवलंय का?" आणि उठून कपाटातून लाल कापडी बांधणीची गेल्या वर्षाची कीर्द घेऊन आला.

उघडली तर सगळी मोडी. आम्हा दोघांनाही मोडीचे अक्षर येत नव्हते. पानामागून पान त्या अखंड वळणांचे, आणि प्रत्येक ओळीपुढे समासात तिरपी रेघ. मी पाने उलटू लागलो आणि दादाने एकदम माझा हात धरला. एका ओळीपुढे रेघ नव्हती.

ओळ वाचता येत नव्हती. पण न मारलेली रेघ वाचता येत होती. वर्षभराची पाने आम्ही रात्री दोनपर्यंत चाळली. वहिनींनी मध्ये चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. रेघ नसलेल्या ओळींपाशी कागदाचे कपटे घातले. कपटे भरले सहा.

सकाळी गल्लीतले एक वृद्ध गृहस्थ आले. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, मोडी त्यांना पाणीभात. त्यांनी कपट्यांपाशीच्या ओळी वाचल्या. न्हाव्याचे तीन हजामतींचे पैसे. विष्णुघाटावरच्या फुलवाल्या बाईचे बारा रुपये, सुटे नव्हते म्हणून राहिलेले. जुन्या दुकानातल्या एका हमालाकडून घेतलेले पन्नास. रिक्षावाल्याचे पंधरा. कंपाउंडरचे इंजेक्शनचे चाळीस. बुकबाइंडरचे, वह्या बांधल्याचे, एकशेदहा. नावे ऐकली तशी मला फोनवरचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला. क्रम तोच होता.

तेराव्याच्या आत आम्ही सहाही ठिकाणी जाऊन आलो. हमाल पैसे घेताना रडला. फुलवाल्या बाईला बारा रुपये आठवतच नव्हते. तिने ते देवापुढे ठेवले. बुकबाइंडर मात्र अडून बसला. "अप्पांनी दिवाळीच्या आधी दिले की! हे बघा." त्याने आपली वही दाखविली. जमा होते, तारीख होती.

दोन वह्या, एकच खातेपान, दोन नोंदी. दादा माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला सांगितले, की यंत्र अशा वेळी दोन्ही ठेवते.

दादा म्हणाला, "यांच्या वहीत मिटलंय, आपल्या वहीत मिटलेलं नाही. हे पैसे आम्ही देणार. घ्यायचे की नाही ते तुम्ही बघा." शेवटी असे ठरले, की त्याने एकशेदहा घ्यावेत आणि त्या किमतीच्या कोऱ्या वह्या आम्हाला द्याव्यात. त्यांतली शेवटची वही मी या सदराची टाचणे लिहायला वापरली; ती गेल्या वर्षी संपली.

राहता राहिले सातवे. ते कीर्दीत असणार नव्हतेच, कारण ते पैशाचे नव्हते. वहिनींना विचारले, गल्लीतल्या त्या गृहस्थांना विचारले, अप्पा रोज संध्याकाळी ज्यांच्याबरोबर घाटावर बसत त्यांना विचारले. कुणाला काही सांगितलेले नव्हते. मला सांगितले होते. मी ते ऐकले असते तर आठवले असते. पण मी लिहीत होतो.

पुढे मी घरच्या कॉम्प्युटरवरून यंत्र पुन्हा भरून घेतले. बटण दाबले आणि दसऱ्यापर्यंतचे सारे काही दोन-तीन मिनिटांत जिथल्या तिथे येऊन बसले. पत्ते आले, वाढदिवस आले, दूध आणायच्या आठवणीसुद्धा आल्या. या पद्धतीचे मोठेपण मी कधी नाकारणार नाही. निम्म्या जगाची हरवलेली टिपणे तिने परत मिळवून दिली असतील. तिच्या धन्यांचे मात्र फारसे बरे झाले नाही. 'पायलट' हे नाव त्याच नावाच्या पेनवाल्या कंपनीला खटकले, कोर्टकज्जा झाला आणि १९९८ पासून यंत्राचे नाव नुसते 'पाम' उरले. कागदाला हटवायला निघालेल्या यंत्राला पेनवाल्यांनी कोर्टात खेचावे, हा न्याय मला आवडला. त्याच साली हॉकिन्स कंपनी सोडून गेला. कंपनी या हातातून त्या हातात फिरत २०१० मध्ये एचपीकडे आली आणि पुढच्याच वर्षी तिची यंत्रे बंद झाली. आता खिशातला फोन न विचारता, न सांगता, वायरीवाचून मेळ घालीत असतो. बटणही नाही, शीळही नाही. माझ्या फोनमधली टिपणे या घटकेला कुठे कुठे चढलेली आहेत, हे मला ठाऊक नाही.

हे एवढे लिहून झाले, तोवर नातू खेळून परत आला. "आजोबा, ते चालू होतं का बघू या?"

तसले बारीक सेल हल्ली कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळतात. तोच पळत जाऊन घेऊन आला. घातले. इतक्या वर्षांनी पडदा जरा फिकट, पण उजळला. फुली आली. त्याने टोचली, पुन्हा आली, पुन्हा टोचली. मग सगळीकडे फिरून पाहिले.

"यात काहीच नाहीये."

"नाही ना."

त्याने यंत्र बैठकीत उभे केले आणि ते एकुलते एक बटण दाबले. तीन सुरांची शीळ वाजली. पोरगा खूष झाला. पडद्यावर आले, की कॉम्प्युटरशी जोडणी करीत आहे. आम्ही दोघे वाट पाहत राहिलो. वायरीचे दुसरे टोक टेबलावर, त्या चार किल्ल्यांच्या शेजारी, मोकळेच पडलेले होते.